‘त्याच्यापेक्षा हे चांगलं!’

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख भाषेविषयी आहे असे कळताच तुमच्यापैकी काहीजण पान उलटण्याच्या बेतात असतील. विज्ञानाच्या मासिकात व्याकरण कशाला, असेही तुम्हांला वाटेल. शिवाय लेखक पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक! पण थोडा धीर धरा. मोजमाप, संदर्भबिंदू, सापेक्षता हे पदार्थविज्ञानाचे विषय तुम्ही रोज बोलता बोलता वापरत असता आणि तुम्हांला त्याचा पत्ताही नसतो. तो पत्ता लावणे हाच या लेखाचा हेतू आहे.

मी राहतो ते हिमायतनगर (जुने नाव वाढोणा) हे नांदेड जिल्ह्याच्या ईशान्येकडील गाव. नांदेडहून मुदखेड, भोकर, हिमायतनगर, किनवट अशी आगगाडी पुढे आदिलाबादला जाते. आदिलाबाद म्हणजे तेलंगण. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत पैनगंगेच्या अलीकडचा हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आमच्याकडच्या बाजारात एका फेरीत चार-पाच भाषा सहज कानावर पडतात.

कापडाच्या दुकानात

समजा, आपण कापडाच्या दुकानात उभे आहोत. दुकानदाराने दोन तागे उलगडून ठेवले आहेत. शेजारच्या खेड्यातील एक आजोबा नातवाच्या सदऱ्यासाठी कापड पाहत आहेत. ते म्हणतात, ‘त्याच्यापेक्षा हे चांगलं.’ दुकानदार आमच्याकडची दखनी बोलतो. तो मान डोलावून म्हणतो, ‘उससे ये अच्छा है.’ तेवढ्यात आदिलाबादकडून आलेले एक गृहस्थ आपल्या पत्नीला तेलुगूत सांगतात, ‘दानि कंटे इदि मंचिदि.’

आता ही तीन वाक्ये एकाखाली एक लिहा:

त्याच्या – पेक्षा – हे – चांगलं
उस – से – ये – अच्छा
दानि – कंटे – इदि – मंचिदि

शब्दाला शब्द जुळतो, क्रमही तोच! मराठी आणि दखनी या आर्य कुळातील भाषा. तेलुगू द्राविड कुळातील. कुळे वेगळी, पण साचा एकच. आणखी एक गोष्ट पाहा. कापड नुसते चांगले असो की दुसऱ्यापेक्षा चांगले असो, ‘चांगलं’, ‘अच्छा’ आणि ‘मंचि’ हे शब्द जसेच्या तसे राहतात. तुलना दाखवण्याचे सगळे काम दुसऱ्या तागाला लागलेल्या ‘पेक्षा’, ‘से’ आणि ‘कंटे’ या शब्दांवर आहे.

इंग्रजीत मात्र काय होते? ‘धिस इज बेटर दॅन दॅट.’ येथे ‘गुड’चे ‘बेटर’ झाले, म्हणजे विशेषणच बदलले. शिवाय क्रम उलटा झाला. आधी विशेषण, मग ‘दॅन’, आणि ज्याच्याशी तुलना करायची ती वस्तू शेवटी.

मी पाचवीत असताना इंग्रजीच्या तासाला ‘टॉल, टॉलर, टॉलेस्ट’ असा तक्ता पाठ करून घेत. मी एकदा विचारले, ‘सर, आपल्या मराठीत असा तक्ता का नाही?’ उत्तर मिळाले, ‘आपल्या भाषेत तसलं काही नसतं. बस खाली.’ मी खाली बसलो. पण आपल्या भाषेत काहीतरी उणे आहे, ही समजूत पुष्कळ वर्षे मनात राहिली. ती समजूत चुकीची होती. कशी, ते आता पाहू.

खूण आणि खुणेमागचा अर्थ

त्यासाठी आधी विभक्तीची ओळख हवी. नामाला प्रत्यय लागून त्याचा वाक्यातील इतर शब्दांशी संबंध कळतो, त्याला विभक्ती म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले. तेव्हापासून शाळेतील मुले संस्कृतच्या धर्तीवर प्रथमा ते संबोधन अशा आठ विभक्त्या शिकत आली आहेत. स-ला-ते, ने-शी, ऊन-हून, चा-ची-चे ही घोकंपट्टी कोणाला चुकली आहे?

पण घोकताना एक महत्त्वाची गोष्ट निसटते. पुढील वाक्ये वाचा.

रामने भाकर खाल्ली.
राम हाताने भाकर खातो.
राम तापाने आजारी पडला.

प्रत्यय एकच, ‘ने’. पण पहिल्या वाक्यात तो काम करणारा दाखवतो, दुसऱ्यात कामाचे साधन आणि तिसऱ्यात कारण. म्हणजे खूण एक आणि अर्थ तीन. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या पाणिनीने ही गोष्ट पक्की ओळखली होती. त्याने विभक्ती आणि कारक हे दोन वेगळे मानले. विभक्ती ही शब्दावर दिसणारी खूण. कारक म्हणजे त्या शब्दाने दाखवलेल्या वस्तूचे क्रियेतील काम. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण अशी सहा कारके त्याने सांगितली.

तापमापकाचे उदाहरण घ्या. डोळ्यांना दिसते ती पाऱ्याच्या धाग्याची लांबी. आपल्याला हवे असते ते तापमान. लांबी म्हणजे तापमान नव्हे, ती तापमानाची खूण आहे. तसेच ‘ने’ म्हणजे कर्ता नव्हे, ती एक खूण आहे. हे एकदा ध्यानात आले की निरनिराळ्या भाषांची तुलना करणे सोपे जाते. कारण खुणा भाषेगणिक बदलतात, पण देणारा, घेणारा, साधन, ठिकाण या गोष्टी सगळीकडे सारख्याच असतात.

खुणांची संख्या किती असावी, याला काही धरबंध नाही. फिनलंडच्या फिनिश भाषेत १५ विभक्त्या मोजतात, लॅटिनमध्ये सहा, जर्मनमध्ये चार. चिनी भाषेत विभक्तिप्रत्यय नाहीतच. शब्दांचा क्रम आणि जोडशब्द यांवर तिचे काम चालते. म्हणून फिनिश माणूस चिनी माणसापेक्षा जास्त बारकाईने विचार करतो असे कोणी म्हणेल काय? घड्याळाला काटे असोत की आकडे असोत, वेळ तीच कळते.

तुलनेला पंचमी कशाला?

आता आपल्या विषयाचा गाभा. ‘तो पुण्याहून आला’ या वाक्यातील ‘हून’ ही पंचमी. ज्याच्यापासून वियोग होतो ते अपादान, आणि ते दाखवणारी ही विभक्ती. मग ‘राम श्यामहून उंच आहे’ या वाक्यात ‘हून’चे काय काम? येथे कोण कोणापासून निघून गेले?

एक सोपा प्रयोग करा. श्यामला भिंतीला पाठ लावून उभे करा आणि डोक्याच्या पातळीवर खडूने रेघ ओढा. आता त्याच जागी रामला उभे करा. त्याच्या डोक्याशी दुसरी रेघ ओढा. रामची उंची ‘जास्त’ आहे हे कसे ठरवले? श्यामच्या रेघेपासून निघून वर गेलात आणि रामच्या रेघेपर्यंत पोचलात. म्हणजे श्यामची रेघ हे निघण्याचे ठिकाण झाले. पुण्याहून निघालो तसे श्यामहून निघालो. तुलना हा मनातला प्रवास आहे आणि पंचमी त्याचे प्रस्थान दाखवते.

आता आकडे घेऊ. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. त्याखालोखाल साल्हेर, उंची १,५६७ मीटर. आपण म्हणतो:

कळसूबाई साल्हेरहून ७९ मीटरने उंच आहे.

हे वाक्य आणि १,६४६ – १,५६७ = ७९ हे गणित ताडून पाहा. ज्याची उंची सांगायची ते प्रथमेत. ज्याच्यापासून मोजायचे ते पंचमीत. जेवढा फरक आला तो तृतीयेत. वजाबाकीतील तीनही संख्यांना भाषेने तीन वेगळ्या खुणा दिल्या आहेत! ही वजाबाकी शाळेत न गेलेली माणसेही रोज बिनचूक बोलतात.

आणि या दोन्ही उंच्या तरी कशापासून मोजल्या? समुद्रसपाटीपासून. येथेही ‘पासून’ आहेच. विजेच्या मंडलात एखाद्या बिंदूचे विभव सांगताना ते कशाच्या संदर्भात, हे सांगावेच लागते. संदर्भबिंदू दिला नाही तर उंची, वेग, विभव यांतील एकाही राशीला अर्थ उरत नाही.

याहून मौज ‘पेक्षा’ या शब्दात आहे. हा शब्द संस्कृत ‘अपेक्षा’ यावरून आला. त्यात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू आहे. ‘श्यामपेक्षा उंच’ म्हणजे श्यामकडे पाहता उंच. त्याच ‘अपेक्षा’ला ‘स’ जोडला की ‘सापेक्ष’ हा शब्द होतो. आइन्स्टाइनने १९०५ साली मांडलेल्या सिद्धांताला आपण ‘सापेक्षता सिद्धांत’ म्हणतो तो हाच शब्द. ‘त्याच्यापेक्षा हे चांगलं’ असे म्हणणारे आजोबा आणि आइन्स्टाइनचा सिद्धांत मराठीत सांगणारा प्राध्यापक, दोघेही एकच शब्द वापरत असतात.

बंगालीत ‘पेक्षा’च्या जागी ‘चेये’ म्हणतात, आणि त्याचाही मूळ अर्थ ‘पाहून’ असाच आहे. तमिळमध्ये ‘विड’ म्हणतात. तो ‘सोडणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. तेलुगूच्या परंपरागत व्याकरणात ‘कंटे’ची गणना पंचमीतच करतात. तुर्की भाषा आपल्यापासून किती दूर! पण तेथे ‘अली वेलीदेन उझुन’ म्हणजे ‘अली वेलीहून उंच’, आणि हाच ‘देन’ प्रत्यय गावाहून येण्यासाठीही लावतात. जपानीतील ‘योरी’ या शब्दाचेही दोन अर्थ आहेत, ‘पासून’ आणि ‘पेक्षा’. अरबीतील ‘मिन’चेही तसेच. लॅटिनमध्येही तुलनेला वियोगाचीच विभक्ती लागे. एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांनी भिंतीवरच्या त्या रेघेचा विचार सारखाच केला आहे.

आपला हरवलेला तक्ता

आता ‘टॉल, टॉलर, टॉलेस्ट’च्या तक्त्याकडे वळू. असा तक्ता आपल्याकडे खरोखरच नव्हता काय? पाचवी-सहावीतल्या गणिताची आठवण करा. लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य. मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक. लघु, लघुतर, लघुतम! हाच तो तक्ता. संस्कृतमध्ये दोहोंत अधिक दाखवण्यासाठी ‘तर’ आणि सर्वांत अधिक दाखवण्यासाठी ‘तम’ हे प्रत्यय लागत. या दोन प्रत्ययांवरूनच ‘तारतम्य’ हा शब्द बनला. ‘जरा तारतम्य ठेवा’ असे वडील माणसे म्हणतात, तेव्हा ती अधिक काय आणि सर्वांत अधिक काय याचे भान ठेवायला सांगत असतात.

संस्कृतमध्ये दुसरीही एक जोडी होती, ‘ईयस्’ आणि ‘इष्ठ’. गुरु म्हणजे जड, गरीयस् म्हणजे अधिक जड, गरिष्ठ म्हणजे सर्वांत जड. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ हे सगळे त्याच साच्यातले. म्हणून ‘श्रेष्ठतम’ हा शब्द म्हणजे ‘मोस्ट बेस्ट’ म्हटल्यासारखे झाले!

‘स्वादु’ म्हणजे गोड. ‘स्वादिष्ठ’ म्हणजे सर्वांत गोड. आता इंग्रजीतील ‘स्वीट’ आणि ‘स्वीटेस्ट’ हे शब्द त्याशेजारी ठेवा. ‘स्वादु’ आणि ‘स्वीट’ एकाच मुळातले, ‘इष्ठ’ आणि ‘एस्ट’ हे प्रत्ययही एकाच मुळातले. ज्या तक्त्यासाठी मला खाली बसावे लागले, तो आमच्याच दूरच्या नातेवाइकांचा निघाला.

इराणकडे गेलो तर तेथेही हे नाते भेटते. फार्सीतून उर्दूत आलेल्या बेहतर, बदतर, कमतर या शब्दांतील ‘तर’ आणि आपल्या लघुतरमधील ‘तर’ एकच. उर्दूत स्वर्गाला ‘बहिश्त’ म्हणतात. प्राचीन इराणी भाषेतील ‘वहिश्त’ म्हणजे सर्वोत्तम, त्याचे हे रूप. आणि संस्कृतमध्ये याचा सख्खा भाऊ कोण? ‘वसिष्ठ’!

पण सावध राहा. ‘बेहतर’ आणि ‘बेटर’ हे शब्द किती सारखे दिसतात! तरी त्यांचे मूळ वेगळे आहे. ‘बेहतर’मधील ‘बेह’ हा ‘वसिष्ठ’, ‘बहिश्त’ यांच्या घरातला, आणि ‘बेटर’चा ‘बेट’ दुसऱ्याच घरातला. हा निव्वळ योगायोग. केवळ चेहरा सारखा दिसला म्हणून नाते जोडणे विज्ञानात चालत नाही. ध्वनींत नियमाने होणारे बदल तपासून, अनेक शब्दांत तेच बदल दिसले तरच नाते मानतात.

अरबीत आणखी वेगळीच तऱ्हा आहे. तेथे शेवटी प्रत्यय लागत नाही, शब्दाच्या आतलेच स्वर बदलतात. कबीर म्हणजे मोठा, अकबर म्हणजे अधिक किंवा सर्वांत मोठा. सगीर म्हणजे लहान, असगर म्हणजे अधिक लहान. करीम–अकरम, शरीफ–अशरफ याही तशाच जोड्या. क-ब-र ही तीन व्यंजने तशीच राहतात आणि भोवतीचे स्वर बदलतात. तुमच्या वर्गाच्या हजेरीपटात यांतील एखादे नाव नक्की असेल. ते नाव म्हणजे व्याकरणाचे एक चालतेबोलते उदाहरण आहे.

गरीब भाषा, श्रीमंत भाषा

मराठीने बोलण्यातले ‘तर-तम’ सोडून दिले आणि ‘पेक्षा’, ‘हून’, ‘सर्वांत’ यांवर काम भागवले. यात तिचे काही नुकसान झाले काय? जगात इतर भाषा काय करतात ते पाहिल्याशिवाय याचे उत्तर देता येणार नाही. हॉलंडमधील भाषाशास्त्रज्ञ लेऑन स्टासेन यांनी १९८५ साली तुलनेच्या रचनेवर एक ग्रंथ लिहिला. पुढे त्यांनी जगातील १६७ भाषांचा नकाशा तयार केला. त्यात चार तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा ठिकाणाची. ‘त्याच्यापासून’, ‘त्याच्यापाशी’ किंवा ‘त्याच्याकडे’ मोठा, असे म्हणणारी. अशा भाषा ७८, म्हणजे जवळजवळ निम्म्या. दुसरी तऱ्हा ‘हे घर मोठे, ते लहान’ अशी दोन वाक्ये शेजारी ठेवण्याची. अशा ३४ भाषा. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि ॲमेझॉनचे खोरे या भागांत त्या पुष्कळ आहेत. तिसरी तऱ्हा ओलांडण्याची. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा भाषेत ‘तो उंच आहे, मला ओलांडतो’ अशा धर्तीवर बोलतात. अशा भाषा ३३. चौथी तऱ्हा इंग्रजीतील ‘दॅन’सारखा खास शब्द वापरण्याची. अशा भाषा अवघ्या २२, आणि त्यांतील बऱ्याच युरोपातल्या.

म्हणजे पाहा, पाचवीत ज्याला आम्ही नमुना समजत होतो, तीच जगातील सर्वांत विरळ तऱ्हा निघाली!

आणि मराठीत यांतल्या पहिल्या तिन्ही तऱ्हा सापडतात. ‘पोरगा बापाहून उंच’ ही पहिली. ‘हा उंच, तो ठेंगणा’ ही दुसरी. ‘पोराने उंचीत बापाला मागे टाकले’ ही तिसरी. शिवाय ‘त्याच्यापुढे हा काहीच नाही’ असेही आपण म्हणतो. ‘मोठ्यात मोठा’, ‘उंचच उंच’, ‘हिरवागार’, ‘काळाकुट्ट’ हे तर वेगळेच. ज्या भाषेत असे बोलता येते, तिच्यात ‘तसलं काही नसतं’ असे कसे म्हणावे?

क्रमातला नियम

आपण सुरुवातीला शब्दांचा क्रम पाहिला होता. अमेरिकेतील जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली ३० भाषा निवडून त्यांत काही समान नियम सापडतात का ते तपासले. त्यांचा एक नियम आपल्या कामाचा आहे. ज्या भाषेत तुलनेचे वाक्य ‘श्याम – हून – उंच’ या क्रमाने चालते, त्या भाषेत संबंधदर्शक शब्द नामाच्या मागून येतात. उलट क्रमाच्या भाषांत ते बहुधा नामाच्या आधी येतात.

ताडून पाहा. मराठीत ‘टेबलावर’: आधी टेबल, मग ‘वर’. इंग्रजीत ‘ऑन द टेबल’: आधी ‘ऑन’, मग टेबल. मराठीत ‘श्यामहून उंच’, इंग्रजीत ‘टॉलर दॅन श्याम’. नियम दोन्हीकडे बसला. तेलुगू, कन्नड, तुर्की, जपानी यांनाही तो बसतो. तुलनेचे एक वाक्य ऐकले की त्या भाषेत ‘टेबलावर’ म्हणताना कोणता शब्द आधी येईल, याचे भाकीत करता येते. निरीक्षण, नियम, भाकीत आणि पडताळा ही विज्ञानाची वाट भाषेच्या अभ्यासातही चालते, ती अशी.

शेजाराचा परिणाम

पण मराठी आणि तेलुगू यांची कुळे वेगळी असताना साचा एक कसा? एक उत्तर असे की, हा साचा जगात पुष्कळ ठिकाणी आपोआप तयार होतो. दुसरे उत्तर शेजाराचे आहे. शतकानुशतके माणसे शेजारी राहिली, दोन-दोन भाषा बोलू लागली, की शब्द वेगळे राहूनही वाक्यांची घडण एकमेकींसारखी होत जाते. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञांनी १९५६ साली एका निबंधात संपूर्ण भारत हा असा एक भाषिक प्रदेश आहे असे दाखवून दिले.

याचे एक नामांकित उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच सापडले. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारे लोक काही शतके एकत्र राहत आले होते. काही घरांत तेलुगूही होती. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तेथील बोलण्याचा अभ्यास करून १९७१ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, गावातल्या या भाषांचे शब्द वेगवेगळे होते, पण वाक्ये शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत नेता येत होती.

आमच्याकडची दखनी घ्या. प्रमाण हिंदीत ‘उसने रोटी खाई’ असे म्हणतात, मराठीत ‘त्याने भाकर खाल्ली’. दोन्हींत कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद भाकरीच्या लिंगाप्रमाणे बदलते. दखनीत मात्र ‘वो रोटी खाया’ म्हणतात. ‘ने’ नाही, आणि क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे चालते. तेलुगूत ‘वाडु रोट्टे तिन्नाडु’. तेथेही कर्ता प्रथमेत आणि क्रियापद कर्त्याप्रमाणेच. हैदराबादकडच्या दखनीने आपल्या द्राविड शेजारणींची चाल उचलली, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘वो रोटी खाया’ ऐकून ‘याला हिंदी येत नाही’ असे हसणाऱ्यांना हे ठाऊक नसते. ती चूक नव्हे. तो काही शतकांच्या शेजाराचा इतिहास आहे.

नकाशातील कोरी जागा

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते सांगतो. आमच्या महाविद्यालयात तांड्यावरून येणारा एक विद्यार्थी प्रयोगशाळेत फार नेटका होता. एकदा सापेक्ष वेगावर बोलताना मी ‘पेक्षा’ची वर सांगितलेली गोष्ट वर्गात सांगितली आणि त्याला विचारले, ‘तुमच्या गोरमाटीत हे कसं म्हणतात रे?’ तो संकोचून म्हणाला, ‘सर, आमची नुसती बोली आहे. तिला व्याकरण नाही.’ मला पाचवीतला मी आठवलो.

मी त्याला दोन पट्ट्या दिल्या, एक लांब, एक आखूड, आणि म्हटले, ‘घरी जाऊन आजीपुढे ठेव, आणि ती काय म्हणते ते लिहून आण.’ दुसऱ्या दिवशी तो वहीत बारा वाक्ये लिहून घेऊन आला. एकाच खुणेखाली त्याने रेघा मारल्या होत्या. बाराही वाक्यांत ती खूण बरोबर त्याच जागी होती. तो म्हणाला, ‘सर, नियम आहे की!’ असणारच. नियमाशिवाय आजीचे बोलणे नातवाला कळले कसे असते? व्याकरण पुस्तकात छापले जाण्याच्या कितीतरी आधी ते बोलणाऱ्यांच्या डोक्यात असते.

मित्रांनो, जॉर्ज ग्रिअर्सन यांनी इंग्रजी अमदानीत भारतातील भाषांची मोठी पाहणी केली. तिचे खंड १९०३ ते १९२८ या काळात निघाले. पण त्या पाहणीत हैदराबाद संस्थान घेतलेले नव्हते. म्हणजे आपला मराठवाडा त्या नकाशावर कोराच राहिला. किनवटच्या डोंगराळ भागात आणि पैनगंगेपलीकडे गोंडी व कोलामी बोलणारी गावे आहेत. या दोन्ही द्राविड कुळातील भाषा. कोलामीवर एमेनो यांनी १९५५ साली पुस्तक लिहिले, ते मुख्यतः वर्ध्याकडच्या बोलीवर. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख होते. कोलामी बोलणारे मात्र सव्वा लाखाच्या आसपासच. बंजारा समाजाची बोली जनगणनेत हिंदीच्या गटात मोजली जाते, मात्र भाषाशास्त्रज्ञ तिला राजस्थानी-गुजरातीच्या जवळची मानतात. गावोगावची यांची रूपे कोणी लिहून ठेवली आहेत? मुले घराबाहेर आपली बोली बोलायला लाजू लागली, की दोन-तीन पिढ्यांत ती सरते. आणि सरलेल्या बोलीची वाक्ये कोणत्याच प्रयोगशाळेत पुन्हा तयार करता येत नाहीत.

तुमच्यासाठी प्रयोग

साहित्य: दोन काठ्या, दोन दगड, वही, पेन्सिल आणि घरातील किंवा शेजारची एखादी वडीलधारी व्यक्ती. तिची आधी परवानगी घ्या.

काठ्या व दगड समोर ठेवून पुढील पाच गोष्टी तिच्या नेहमीच्या बोलीत म्हणायला सांगा. (१) ही काठी लांब आहे. (२) ही काठी त्या काठीपेक्षा लांब आहे. (३) हा दगड सगळ्यांत जड आहे. (४) तो गावाहून आला. (५) मला भूक लागली.

उत्तर जसे ऐकू येईल तसेच लिहा. सुधारून लिहू नका. तापमापकाचा आकडा आपल्याला आवडला नाही म्हणून आपण बदलतो काय? मग पहिले व दुसरे वाक्य ताडून विशेषण बदलले का ते पाहा. दुसरे व चौथे वाक्य ताडून ‘पेक्षा’ आणि ‘हून’ यांची खूण एकच आहे की वेगळी ते पाहा. पाचव्या वाक्यात भूक ज्याला लागली त्याला कोणती खूण लागली ते टिपा. इंग्रजीत ‘आय ॲम हंग्री’ म्हणतात, तेथे ‘मला’ नाही, ‘मी’ आहे! शेवटी बोलणाऱ्याचे गाव, बोलीचे नाव आणि तारीख लिहा.

वर्गात दहा जणांनी असे केले तर एक सुरेख तक्ता तयार होईल. त्यात मराठीच्याही निरनिराळ्या तऱ्हा येतील. कोणी ‘माझ्यापेक्षा’ म्हणेल, कोणी ‘मह्यापेक्षा’. तक्त्यात दोघांनाही सारखीच जागा द्या.

मात्र त्या तक्त्याखाली ‘यांतील कोणती भाषा श्रेष्ठ?’ असा प्रश्न लिहू नका. उंची मोजायला समुद्रसपाटी आहे, तापमान मोजायला बर्फाचा वितळणबिंदू आहे. भाषांची श्रेष्ठता मोजायला तसा कोणताही संदर्भबिंदू नाही. आणि जेथे संदर्भबिंदू नाही, तेथे ‘पेक्षा’ लावता येत नाही, हे तर आपण आताच शिकलो.